जिन्यामागची खोली, दुपारी दोन ते पाच

रफूवाल्या मावशींचं काम चांगलं उतरलं की भांडण ठरलेलं. एकदा एक वकीलसाहेब काळी पँट काउंटरवर आपटून म्हणाले, "मला दुसऱ्याचीच पँट दिलीत. माझ्या पँटला गुडघ्यावर भोक होतं."

"ते बुजवायलाच दिलं होतं ना साहेब," लॉन्ड्रीवाले काका म्हणाले.

"बुजवलंय कशावरून? मला तर कुठे काही दिसत नाही."

"दिसलं असतं तर वेगळं भांडला असतात."

वकीलसाहेब पुराव्याशिवाय हलणारे नव्हते. शेवटी आतून मावशींचा आवाज आला, "गुडघा उलटा करून बघायला सांगा." पँट उलटी केली. भोक होतं तिथे धाग्यांची केसासारखी बारीक टोकं दिसत होती आणि त्यांच्या कडेला तीन तिरके निळे टाके, एकेक तिळाएवढा. वकीलसाहेबांनी ते नखाने खरवडून पाहिले आणि पँट घेऊन निघून गेले. आभारबिभार काही नाही. हरलेल्या वकिलाकडून तेवढी अपेक्षाही कोणी करू नये.

कपडा काळा असो, पांढरा असो, शाळेचा गणवेश असो की साहेबाचा सूट, उलट्या बाजूला तीन निळे टाके असायचेच. "उद्या कोणी दुसरीकडचं गबाळं काम आणून माझ्या गळ्यात मारायला नको," असं मावशी सांगायच्या. कारण पटण्यासारखं होतं. आम्हाला सगळ्यांना पटलं होतं.

लॉन्ड्री रस्त्याच्या तोंडाशी. तिच्या बाजूने वर जाणारा जिना आणि जिन्याच्या पोटात एक खोली. मावशी तिथेच राहायच्या, तिथेच काम करायच्या. एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीशी टेबल आणि खुर्ची, टेबलावर भिंग आणि सुयांचा पत्र्याचा डबा. जिना जिथे उतरता होतो तिथे आत जाताना प्रत्येकाचं डोकं एकदा तरी आपटतं, माझं तर चारदा आपटलं. खिडकी मागच्या बोळात उघडायची. समोर एका गोदामाची पांढरी भिंत होती. दुपारी ऊन त्या भिंतीवर पडून खोलीत परतायचं, तेवढा दोन ते पाचचा उजेड बारीक कामाचा. काका कितीदा म्हणाले असतील, "अहो, पुढे बसा की काउंटरशेजारी. रस्त्याचा उजेड आहे, गिऱ्हाइकालाही दिसाल." मावशी म्हणायच्या, "मला दिसलं म्हणजे झालं."

रफूला धागा बाहेरून आणत नाहीत. ज्या कपड्याला भोक पडलंय त्याच्याच दुमडीतून, आतल्या शिवणीतून एकेक धागा ओढून काढायचा. आधी उभे धागे भरायचे, मग सुईने एकाखालून एकावरून आडवे विणत जायचं. रुपयाएवढ्या भोकाला अख्खी दुपार जाते. मग वरून ओलं फडकं आणि काकांची इस्त्री. मावशींच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळत नसे. दोन्ही सरळ उभी, जणू वर्गात कायमचा हात वर केलाय. विचारलं की म्हणायच्या, "दारात सापडली." मी एकदा म्हटलंही, "मावशी, दार मोठं समजूतदार दिसतंय. कामाची तीन बरोबर सोडली." त्या हसल्या होत्या. आता ते आठवलं की जीभ चावतो.

त्या आल्या नऊ वर्षांपूर्वी, एक पिशवी आणि तो पत्र्याचा डबा घेऊन. काकांनी विचारलं, "कुठून आलात?" तर म्हणाल्या, "बसने." हे उत्तर काकांनी मला निदान वीस वेळा ऐकवलं असेल आणि दर वेळी हसून डोळे पुसले असतील. पण पुढे त्यांनीही विचारलं नाही, यांनीही सांगितलं नाही. मावशींकडे फोन नव्हता. पावती लॉन्ड्रीच्या नावाने फाडली जायची. काकांच्या मुलीच्या लग्नात सगळ्यांचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा त्या भांडी आवरायला गेल्या. त्यांचं नाव आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते माहीत नाही हेही कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मावशी म्हटलं की भागत होतं.

मी त्याच जिन्याने वर, पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात दुकानांच्या वेबसाइट बनवतो. आमच्या गावी सहा महिन्यांचा कोर्स केला तेव्हा शिकवणारे सर म्हणायचे, "गिऱ्हाइकाला तीन सेकंदांत पत्ता दिसला नाही तर ते गेलंच समजा." बाकीचं बरंचसं मी विसरलो, हे मात्र डोक्यात पक्कं बसलं. वर फोन नंबर, खाली पूर्ण पत्ता, बाजूला नकाशा, दाराचा फोटो, जवळची खूण, उघडायच्या-बंद करायच्या वेळा. या रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांची संपर्काची पानं माझ्या हातची आहेत. एका दातांच्या डॉक्टरांनी पत्ता द्यायला कुरकुर केली तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, "डॉक्टर, दुखणारा माणूस शोधत बसत नाही." स्वतःवर इतका खूश झालो होतो की ते वाक्य पुढच्या तीन गिऱ्हाइकांना वापरलं.

लॉन्ड्रीची वेबसाइट करायची ठरली तेव्हा काकाच म्हणाले, "रफूचंही टाक. या वयात डोळे फोडतेय बाई, चार लांबची माणसं तरी येतील."

मी आत गेलो, डोकं सांभाळून. मावशी एका स्वेटरच्या कोपरात होत्या.

"मावशी, तुम्हाला जगप्रसिद्ध करायचं म्हणतोय."

"कशाला? गल्लीप्रसिद्ध आहे तेच जास्त होतंय."

"तुमचं नाव, एक फोटो..."

"नाव नको. फोटो तर मुळीच नको."

"नुसत्या हातांचा?"

सुई थांबली. "हातांचाही नको. आणि तिथे कुठेही बाईमाणूस रफू करतं असं लिहायचं नाही. काय लिहायचं ते लॉन्ड्रीचं लिही."

"बरं, बरं. 'रफू करून मिळेल', एवढंच. झालं?"

"एवढंच," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "बघ हं, शब्द दिलायस."

मी शब्द पाळला. म्हणजे मला तसं वाटलं. नाव नाही, चेहरा नाही, हात नाहीत. पण पान रिकामं दिसत होतं. न्हाव्याच्या पानावर आधीचा आणि नंतरचा फोटो शोभतो, रंगवाल्याच्या शोभतो. रफूचा 'नंतर'चा फोटो काढला तर नुसतं कापड दिसतं. काकांना दाखवला तर म्हणाले, "हे तर दुकानातून आणलेलं ठाण वाटतंय. कोण विश्वास ठेवणार?" मला वकीलसाहेब आठवले. इस्त्रीच्या टेबलावर बँकेतल्या एका साहेबांची करडी पँट तयार होऊन पडली होती. मी ती उलटी केली, दारातल्या उजेडात धरली आणि जवळून फोटो काढला. धाग्यांची टोकं आणि तीन निळे टाके, अगदी स्वच्छ. खाली लिहिलं, 'आमच्या कामाची खूण'. त्याखाली पत्ता, नकाशा, आणि माझ्या सरांना बरं वाटावं म्हणून आणखी एक ओळ: 'रफूसाठी: जिन्यामागची खोली, दुपारी दोन ते पाच.'

मावशी तेव्हा सुया आणायला बाहेर गेल्या होत्या. परत आल्यावर सांगायचं राहून गेलं.

वेबसाइटवरून येणारे निरोप माझ्याच फोनवर यायचे, कारण काकांना फोन कानाला लावण्यापलीकडचं काही जमत नाही. तीन आठवडे कोणी शर्टाच्या कॉलरबद्दल विचारलं, कोणी पडदे धुता का विचारलं. मग एक निरोप आला, सोबत एका तपकिरी शालीचा फोटो. शालीच्या मधोमध सिगारेटने पडतं तसं भोक.

'हे रफू होईल का?'

'नक्की होईल,' मी लिहिलं.

'काम फार सुरेख आहे. फोटोतलं काम कोणी केलंय? त्यांनाच द्यायचंय.'

आता यात संशय घेण्यासारखं काय होतं? कौतुक होतं, आणि कौतुकापुढे मी विरघळतो. मी लिहिलं, 'आमच्या मावशी करतात. पंचवीस-तीस वर्षांचा हात आहे.'

'त्या स्वतः कधी भेटतील?'

'रोज दोन ते पाच. जिन्यामागची खोली. आत येताना डोकं सांभाळा.' शेवटी मी एक हसरा चेहराही टाकला.

बाईमाणूस लिहायचं नाही हे मी पानावर पाळलं होतं. निरोपात पाळायचं असतं हे डोक्यात आलं नाही.

खाली जाऊन मावशींना सांगितलं, "उद्या एक शाल येतेय. तुमच्या कामावर भाळलाय कोणी."

"कसली शाल?"

"तपकिरी, लोकरीची. मध्ये जळालीय."

"होईल," त्या म्हणाल्या. तपकिरी शाली जगात कमी नाहीत. त्याच वेळी मी माझी पँटही दिली, कारण ऑफिसच्या खुर्चीच्या खिळ्याने ती मांडीमागे फाटली होती. मावशी म्हणाल्या, "खुर्ची बदल, नाहीतर उभ्याने काम कर." आमचं हे असलं चालायचं.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला मी चहा घेऊन वर निघालो होतो. जिन्याशी एक माणूस उभा होता. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. मोबाइलमधला दाराचा फोटो समोरच्या दाराशी ताडून बघत होता. मी काढलेला फोटो. मी म्हटलं, "शालवाले का? या, या." आणि त्याला घेऊन जिन्यामागे गेलो. डोकं सांभाळा म्हणालो. त्याने सांभाळलं.

मावशींनी वर पाहिलं. सुई हळूच उशीत खोचली आणि दोन्ही हात मांडीवरच्या कपड्याखाली घेतले.

"आई," तो म्हणाला.

मी मूर्खासारखा हसलो. मला वाटलं, किती छान झालं.

"बस," मावशी म्हणाल्या. दुसऱ्याला बसायला खाटेशिवाय काही नव्हतं. तो बसला नाही. आवाज चढवला नाही, पुढेही आला नाही. खोलीभर नजर फिरवली, स्टोव्ह पाहिला, डबा पाहिला.

"डबा तोच आहे."

"हो."

"बोटं कशी आहेत?"

"बरी आहेत."

"वळतात?"

"दोन नाही वळत."

"दाखव."

मावशींनी हात काढले नाहीत. माझ्या हातातला चहा निवत होता, आणि दार, वर्गात वर केलेला हात, सगळं मला त्या क्षणी एकदम कळलं. कळायला मला नेहमीच इतका वेळ लागतो.

"नऊ वर्षं मी लोकांना सांगतोय की तू वारलीस," तो म्हणाला. "शेजारी येऊन डोळ्यांत पाणी आणून गेले. आता तू जिवंत कशी, ते काय सांगायचं ते मी बघेन. तू फक्त चल."

"हातातलं काम आहे."

"किती?"

"सहा कपडे, थोडे थोडे उरलेत. आणि तुझी शाल."

"माझी कसली? तुझीच आहे." त्याने पिशवीतून शाल काढून खाटेवर ठेवली. मग माझ्याकडे वळला आणि अगदी मित्रासारखं बोलला. "लोकांना वाटतं मी नाव शोधत होतो. नाव काय, कोणीही बदलतं. मी टाके शोधत होतो. ते तीन टाके माझे आहेत. सात वर्षांचा असताना मोठं काम करू द्यायची नाही म्हणून शेवटी मला घालायला द्यायची. निळा दोरा मीच निवडला होता. विचारा तिला."

मावशी खिडकीकडे बघत होत्या.

"उद्या सकाळी नऊला गाडी घेऊन येतो," तो म्हणाला. "आज थांबत नाही. काम अर्धं टाकून ती उठत नाही, मला माहीत आहे." दाराशी त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. "तुमचे उपकार झाले. पत्ता अगदी नीट लिहिलाय."

तो गेल्यावर काका इस्त्री हातात घेऊन आत आले. सगळं कळल्यावर म्हणाले, "मी उभा राहतो ना दारात. बघतो कसा नेतो." काकांना जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. मी पोलिसांचं काढलं. मावशी म्हणाल्या, "काय सांगणार? मुलगा आईला घरी न्यायला आला, म्हणून धरा त्याला?"

"मावशी, मी..."

"दाखव ते पान."

मी फोन दिला. त्यांनी तो भिंगाखाली धरला, जशी त्या प्रत्येक गोष्ट धरायच्या. बराच वेळ त्या फोटोकडे पाहत होत्या.

"फोटो चांगला आलाय," त्या म्हणाल्या. "उजेड बरोबर पडलाय." त्यांनी रागावून काही बोलायला हवं होतं. मी वाट पाहत होतो.

"ओळखण्यासाठी म्हणून घालते असं सांगायचे. ओळखायला कशाला लागतंय, आपलं काम आपल्याला कळतंच. तो घालायचा तेव्हा जीभ बाहेर काढून घालायचा, एवढीशी. ते सुटलं नाही." मग फोन परत देत म्हणाल्या, "हे पान आज पुसता येईल?"

"आत्ता पुसतो. पण तुम्ही कुठे जाणार?"

"तुला नाही सांगायची. तुला कळलं की तू कुठेतरी लिहिशील."

त्यात टोमणा होता, आणि त्या थोड्या हसल्याही. मग म्हणाल्या, "जा आता. उजेड चाललाय."

सकाळी आठला मी आलो तेव्हा काकांनी शटर उचललेलं होतं. जिन्यामागच्या खोलीला कडी होती, कुलूप नव्हतं. आत खाट झाडलेली, स्टोव्ह पुसलेला. दोरीवर ओळीने सहा कपडे, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. टेबलावर घडी केलेली तपकिरी शाल, शेजारी जळून संपलेल्या दोन मेणबत्त्या. पत्र्याचा डबा नव्हता. काका म्हणाले, "मी सातला आलो तेव्हा दार बंद दिसलं, कडी नाही पाहिली. मला वाटलं झोपल्यात, उठवू नये." मग त्यांनी ओल्या फडक्याने काउंटर पुसायला घेतलं आणि पुसतच राहिले.

दोरीवर तिसरी माझी पँट होती. मांडीमागची जागा शोधून सापडेना. उलटी करून पाहिली. धाग्यांची टोकंसुद्धा आत वळवून बसवलेली. निळे टाके नव्हते. मी उरलेले पाचही कपडे उलटे केले. शाळेचा स्वेटर, कोणाचा तरी मफलर, सगळ्यांची उलटी बाजू कोरी होती.

तो बरोबर नऊला आला. गाडी रस्त्यावर उभी केली, आत गेला, रिकामी खोली पाहिली. आम्ही दोघं त्याच्या मागे उभे होतो. काकांच्या हातात तापलेली इस्त्री होती, ती त्यांनी मुद्दाम आणली होती की ठेवायची विसरले ते मला माहीत नाही. त्याने काही फोडलं नाही, आवाज केला नाही. शाल उलगडून खिडकीशी धरली. भोक कुठे होतं ते त्यालाही सापडलं नाही. मग उलटी केली. बोटाने चाचपत गेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा मागे.

"घातले नाहीत," तो म्हणाला. आम्हाला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे.

"कुठे गेली?"

"आम्हाला माहीत नाही," काका म्हणाले, "आणि माहीत असतं तरी..." पुढे त्यांना धाप लागली.

तो मावशींच्या खुर्चीत दुपारपर्यंत बसून होता. दोन वाजता भिंतीवरचं ऊन आत आलं तेव्हा उठला आणि शाल पिशवीत घालून निघून गेला.

मी पान आदल्या दिवशीच पुसलं होतं. पण पुसलेली गोष्ट पुसली जाते हे त्या सहा महिन्यांच्या कोर्सने शिकवलेलं होतं, खरं नव्हतं. दुकानांच्या याद्या करणाऱ्या कितीतरी साइट असतात, त्या एकमेकींच्या पाटीवरून उतरवून घेतात. माझी ओळ त्यांतल्या चार-पाच जणींनी उचलली होती, जिन्यामागच्या खोलीसकट. एकीला मी कळवलं, काढून टाका. उत्तर आलं, 'आपण त्या पत्त्यावरचे रहिवासी असल्याचा पुरावा जोडा.' दुसरीने फॉर्म पाठवला, त्यात माझाच पत्ता भरल्याशिवाय पुढे जाता येईना. तिसरीवरून लोक अजून येतात. डोकं आपटून घेतात, रिकामी खोली बघतात आणि काउंटरवर येऊन विचारतात, "रफूवाले कुठे गेले?" काका म्हणतात, "बसने गेले." हसत मात्र नाहीत.

माझ्या नव्या पानांवर मी आता आधी विचारतो, पत्ता टाकायचा ना, नक्की? लोकांना वाटतं मला धंदा कळत नाही.

महिन्याभराने मावशींच्या मुलाचा निरोप आला. एक पान पाठवलं होतं, दूरच्या कुठल्यातरी शहरातल्या कपड्यांच्या दुकानाचं. त्यात रफूचा फोटो, सरळ बाजू आणि उलटी बाजू.

'ही तीच का? तुम्ही तिचं काम जवळून पाहिलंय.'

मी फोटो मोठा करून पाहिला. उलटी बाजू स्वच्छ होती. टोकं आत वळवलेली होती की मुळात दिसतच नव्हती, सांगता येईना. चांगला हात होता, पण चांगले हात जगात असतात. मी लिहिलं, 'नाही.' ते खरं की खोटं, माझं मलाच माहीत नव्हतं.

'नीट बघ,' त्याने लिहिलं. एवढ्यात मी तुम्हीवरून तू झालो होतो. 'जाऊ दे. खाली पत्ता आहेच. जाऊन बघून येतो.'

खाली खरंच पत्ता होता. पूर्ण. जवळची खूण, वेळा, नकाशा, दाराचा फोटो. माझ्यासारखाच कोणीतरी हुशार मुलगा असणार. वर मोठ्या अक्षरांत फोन नंबर होता. मी लावला. एका म्हाताऱ्या माणसाने उचलला.

"तुमच्याकडे रफू कोण करतं?"

"आम्हीच करतो. काय फाटलंय?"

"फाटलं काही नाही. तुमच्याकडे एक मावशी आहेत का, डाव्या हाताची दोन बोटं..." इथे माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतोय. "असल्या तरी सांगू नका. मला सांगू नका. कोणालाच सांगू नका. फक्त त्यांना म्हणावं, तो येतोय."

पलीकडे थोडा वेळ इस्त्रीच्या वाफेचा आवाज येत होता.

"इथे कोणी बाई नाही," म्हातारा म्हणाला, आणि फोन ठेवला.

मला त्याच्या आवाजात काका ऐकू आले. किंवा ऐकू यावेत असं फार वाटत होतं म्हणून आले.

चार दिवसांनी निरोप आला, 'एक म्हातारा आहे. ती नाही.' आणि लगेच दुसरा, 'पुढचं सापडलं की पाठवतो. बघून सांगत जा.'

तेव्हापासून तो पाठवतो. कधी महिन्याने, कधी आठवड्याने. एक पान, एक फोटो, खाली पत्ता. मी दर वेळी 'नाही' लिहितो, मग त्या दुकानाला फोन करतो, आणि दर वेळी कोणीतरी मला सांगतं की इथे अशी बाई नाही. काका म्हणतात, "बंद करून टाक की त्याचा नंबर. कशाला जिवाला घोर लावून घेतोस?"

मी बंद करत नाही. तो विचारतोय, म्हणजे अजून सापडलेल्या नाहीत. आता दीड महिना झाला, त्याचा निरोप आलेला नाही. दिवसातून दहा वेळा फोन उघडून बघतो.